किल्ली काढायचा अधिकार

हवालदाराने माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली ती भर सकाळी, भर चौकात, सिग्नल लाल असताना. चौकाचं नाव सांगत नाही, कारण कासारवाडीला कंपनीची बस पकडायला मला अजूनही रोज तिथूनच जावं लागतं. माझं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यांवर होतं. पट्ट्यांवर म्हणजे किती, याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते चाकाचा जेमतेम पुढचा भाग. हवालदाराच्या मते स्कूटर, मी आणि माझा डबा असा सगळा ऐवज. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की तो आला, एक शब्द न बोलता त्याने हात पुढे केला, किल्ली फिरवली, काढली आणि स्वतःच्या पँटच्या खिशात टाकली. घरातल्या टेबलावर विसरलेली आपलीच वस्तू उचलावी, इतक्या सहजपणे.

एरवी मी 'चुकलं साहेब' म्हणून मोकळा झालो असतो. मी भांडखोर माणूस नाही. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि एखादा केसभर जाड निघाला तर तो बाजूला ठेवायचा, हे माझं काम. माणसं मी कधी बाजूला ठेवत नाही. पण त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या सांगवीच्या सोसायटीत अर्जुनरावांचं 'वाहनचालकाचे अधिकार' या विषयावर व्याख्यान झालं होतं. अर्जुनराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सरकारी नोकरीत असेपर्यंत ते लोकांच्या अर्जांवर हरकती काढत. निवृत्त झाल्यापासून सरकारवर काढतात. व्याख्यानाला श्रोते म्हणजे मी, वॉचमन, आणि पाणीपट्टीची सभा आहे असं समजून आलेल्या दोन बायका. त्यात अर्जुनरावांनी स्पष्ट सांगितलं होतं की अख्ख्या मोटार वाहन कायद्यात पोलिसाने गाडीची किल्ली काढून घ्यावी असं कुठेही लिहिलेलं नाही. गाडी थांबवा, कागद मागा, दंड करा, कायद्यात बसत असेल तर गाडी अडकवून ठेवा. पण किल्लीला हात लावायचा नाही.

त्यामुळे मी म्हणालो, "किल्ली काढून घ्यायचा तुम्हाला अधिकार नाही."

वाक्य अपेक्षेपेक्षा चांगलं जमलं. शेजारच्या रिक्षावाल्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हवालदार चाळिशीचा, उंच, धुळीने भुवया पांढऱ्या झालेला होता. छातीवरच्या पट्टीवर 'नवनाथ बोडके' लिहिलेलं होतं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो नुसता "बरं" म्हणाला आणि मग म्हणाला, "लायसन दाखवा."

"आधी किल्ली."

"आधी लायसन."

लायसन माझ्या मोबाइलमध्ये होतं, सरकारी ॲपमध्ये, एक बोट लावलं की समोर येईल असं. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर ते दाखवावंच लागतं, हेही अर्जुनरावांनी सांगितलं होतं म्हणे. पण व्याख्यानाच्या त्या भागात मी वॉचमनबरोबर खुर्च्या लावत होतो. माझ्याकडे अर्धाच कायदा आला होता, आणि त्या अर्ध्या कायद्यावर मी चौकात ठाम उभा राहिलो. सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला. मागचे लोक मला वळसा घालून जाताना जे बोलले त्यात माझ्या घटनात्मक भूमिकेबद्दल आदर दिसत नव्हता.

एवढ्यात नवनाथच्या वायरलेसवर खरखर झाली. हिंजवडीला कुणी बडे पाहुणे येणार होते आणि वाकडच्या पुलाखाली बंदोबस्त कमी पडत होता. एक सहकारी मोटरसायकल घेऊन आलाच. नवनाथ त्याच्या मागे बसला, मला हाताने 'बाजूला थांबा' अशी खूण केली आणि दोघं दिसेनासे झाले. माझी किल्ली त्याच्या खिशात.

ती नुसती स्कूटरची किल्ली असती तर मी ही हकिकत सांगत बसलो नसतो. त्याच कडीत आमच्या गेज रूमच्या कपाटाची किल्ली होती. ज्या मापांवरून कारखान्यातली बाकी सगळी मापं तपासायची ती मूळ मापं त्या कपाटात असतात. आणि त्या दिवशी दुपारी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर चेन्नईहून येऊन आधी तेच कपाट उघडायला सांगणार होता. त्याच्या शेऱ्यावर आमचं पुढच्या वर्षीचं काम अवलंबून. कपाटाला दुसरी किल्ली आहे. ती हरवू नये म्हणून कपाटातच ठेवायची असं एका मीटिंगमध्ये एकमताने ठरलं होतं.

मी साहेबांना फोन केला. पोलिसांनी किल्ली नेली आहे हे मला दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं की मी स्वतः बाहेर आहे ना. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले की ऑडिटरचं जेवण ते जमेल तितकं लांबवतील, पुढचं मी बघावं. कंपनीची बस तोवर गेली होती.

दुसरा फोन मी अर्जुनरावांना केला. ती चूक होती असं पद्मा, म्हणजे माझी बायको, अजून म्हणते. अर्जुनराव इतक्या लवकर आले की ते खालीच हेल्मेट घालून बसले होते की काय अशी शंका यावी. त्यांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यभर लोक त्यांचं ऐकत आले होते, पण ऐकून कुणी काही केल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. मी म्हटलं, स्कूटर ढकलून कडेला लावू या आणि वाकडला जाऊन किल्ली मागून आणू. त्यांनी दोन्ही सूचना फेटाळल्या. किल्ली मागायला जाणं म्हणजे ती नेण्याचा त्याचा अधिकार मान्य करणं. आणि स्कूटर हलवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. पोलिसाने ती जिथे अडवली तिथेच ती राहिली पाहिजे, म्हणजे वरिष्ठ येऊन पंचनामा करतील. मी म्हटलं, वरिष्ठांना बोलावलंय कुणी? ते म्हणाले, तेच आता करायचं आहे, पण आधी मसुदा तयार व्हायला हवा, आणि मसुदा उभ्याने होत नाही.

म्हणून आम्ही रस्त्यापलीकडच्या अमृततुल्यमध्ये बसलो. 'माझ्या ताब्यातील वाहनाची किल्ली बेकायदेशीरपणे' इथपर्यंत मसुदा झाला. पुढे 'काढून घेतली' लिहावं की 'हिरावून घेतली', यावर चर्चा चालू असताना मला पुरावा हवेत दिसला. टोइंगची गाडी आली होती. दोन माणसांनी माझी स्कूटर दोन्ही बाजूंनी उचलली आणि मागच्या फळीवर इतर दुचाक्यांच्या ओळीत नीट ठेवली. आम्ही रस्ता ओलांडायला धावलो. अर्जुनराव धावता धावता ओरडत होते की मालक हजर असताना गाडी उचलता येत नाही. पण मालक मधल्या दुभाजकावर होता, आणि बीआरटीच्या बसमागून बस जात होत्या. हा हजर असण्याचा प्रकार त्या माणसांना पटला नसावा.

वाहतूक शाखेच्या कार्यालयात आम्ही पोचलो ते अर्जुनरावांच्या स्कूटरवरून. मी मागे, डोक्यावर हेल्मेट, मांडीवर डबा. तिथे फौजदार साधना मॅडम बसल्या होत्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या असतील. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. वाटेत अर्जुनरावांनी मला मागे मान वळवून वळवून कलमं पाठ करून दिली होती, आणि त्यामुळे आम्ही दोनदा दुसऱ्या गाड्यांवर आदळता आदळता वाचलो होतो. मी सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "किल्ली काढायला नको होती. कायद्यात तशी तरतूद नाही."

पाठ केलेली सगळी कलमं वाया गेली. अर्जुनरावांच्या चेहऱ्यावर तर, ताट वाढल्यावर जेवण रद्द झाल्याचं कळावं, तसा भाव होता. मॅडमनी मग माझं लायसन मागितलं. मी मोबाइलवर दाखवलं. त्यांनी विचारलं की हेच चौकात का दाखवलं नाही. मी म्हटलं, आधी किल्ली परत मिळावी असं माझं म्हणणं होतं. त्या म्हणाल्या, म्हणणं असू शकतं, पण गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवणं ही अट न घालता करायची गोष्ट आहे. मी अर्जुनरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, हो, तसं आहे खरं. मग मॅडमनी पीयूसी बघितलं. त्याची मुदत नुकतीच संपली होती. त्यांनी पट्ट्यांवरचं चाक, पीयूसी आणि टोइंग यांचा रीतसर दंड केला, मशीनमधून पावती काढून दिली आणि सांगितलं की हे सगळं त्यांच्या अधिकारात आहे, शंका असेल तर विचारा. आम्हाला शंका नव्हती.

स्कूटर सुटली, पण किल्लीशिवाय तिचा उपयोग काय? मॅडमनी नवनाथला फोन लावला. बंद. वायरलेसवर विचारलं तर बंदोबस्त उठला होता, त्याची ड्यूटी पहाटेची, तो परस्पर हिंजवडीपलीकडे माणला घरी गेला होता. त्यांनी घरचा नंबर लावला. पलीकडून नवनाथचे वडील बोलत होते, आणि ते इतक्या खणखणीत आवाजात बोलत होते की मॅडमना फोन कानापासून लांब धरावा लागला. पोरगा आत्ताच झोपलाय, पहाटेपासून उभा होता, मी उठवणार न्हाई, असं ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या की मी फौजदार बोलतेय. म्हातारा म्हणाला, "आसा की. पर ड्यूटी सपली. आता घरात हाय त्यो. हितं तुमचा अधिकार न्हाई."

अर्जुनरावांना हे फार आवडलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

आता तक्रारीचा प्रश्न होता. मसुद्यात अर्जुनरावांना 'चोरी' हा शब्द हवा होता. मॅडम म्हणाल्या की चोरी व्हायला लबाडीचा हेतू लागतो, तो यात दिसत नाही. तरी तुम्हाला तसं लिहायचंच असेल तर लिहा. फक्त एक लक्षात घ्या. चोरीचा गुन्हा झाला तर किल्ली हा मुद्देमाल होतो. मग ती आम्हाला जप्त करावी लागेल, सीलबंद करावी लागेल आणि तुम्हाला ती कोर्टातून अर्ज करून सोडवून घ्यावी लागेल.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

त्या नुसत्या हसल्या. चेन्नईचा ऑडिटर तोवर पुरणपोळीपर्यंत आला असणार. मी 'चोरी' खोडलं. अर्जुनराव म्हणाले की मी तत्त्वाशी तडजोड करतोय. मी म्हटलं, माझं तत्त्व कपाटात आहे. शेवटी 'अधिकार नसताना किल्ली काढून घेतली' एवढीच साधी तक्रार झाली. मॅडमनी ती ठेवून घेतली, पण लगेच पुढे पाठवली नाही. म्हणाल्या, आधी किल्ली घेऊन या, डोकं शांत करा, मग उद्या येऊन माझ्यासमोर जबाब द्या. तुमच्या जबाबावरून ठरेल. तक्रार पक्की झाली तर त्याला चौकातून काढून कार्यालयात बसवतील.

माणला जायचं तर हिंजवडीतून जावं लागतं आणि हिंजवडीतून जायचं तर आयुष्यात दुसरं काही ठरवलेलं असू नये. मारुंजीच्या बाजूने वळसा घालू, असं अर्जुनराव म्हणाले. हाच सल्ला त्या दिवशी सगळ्या हिंजवडीला कुणीतरी दिला होता.

हवालदाराचं घर म्हणजे दोन खोल्या आणि दारात तुळस, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. नवनाथचं घर चार मजली निघालं. वरचे तीन मजले आयटीतल्या पोरापोरींना भाड्याने, पार्किंगमध्ये दोन चारचाक्या आणि एक ट्रॅक्टर, मागे गोठा. ओट्यावर पांढऱ्या टोपीत भिमाजी बसले होते, फोनवरचे तेच. त्यांनी आम्हाला कोण, कुठले, न विचारता बसायला सांगितलं, चहा सांगितला आणि मग विचारलं की खोली बघायला आलात का. मी किल्लीचं सांगितलं. त्यांनी आत हाक मारली. नवनाथच्या आई सुभद्राबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की वर्दीचे कपडे तर त्यांनी मघाशीच मशीनला लावले. खिसे बघितले का, असं भिमाजींनी विचारलं. त्या म्हणाल्या, "पोलिसाच्या खिशात काय आस्तंय, रुमाल."

मशीन मागच्या गॅलरीत होतं, पुढून गोल काचेचं दार असलेलं. आम्ही काचेतून आत पाहिलं. खाकी पँट एकदा वर गेली, एकदा खाली आली, आणि आतून खणखण आवाज आला. दार उघडेना. अर्जुनरावांनी तीन बटणं दाबून पाहिली, त्याने मशीनने पाणी सोडलं, थोडा विचार केला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. एकदा सुरू झालं की संपेपर्यंत दार उघडत नाही, असं सुभद्राबाई म्हणाल्या. वीज बंद करून बघू म्हटलं तर ते आणखीच अडकून बसतं असा त्यांचा अनुभव होता. मग त्यांनी गॅलरीत खुर्च्या मांडल्या आणि आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. मी साहेबांना कळवलं की किल्ली सापडली आहे, समोर दिसते आहे, पण धुणं व्हायचंय. त्यांनी 'ठीक' एवढंच लिहून पाठवलं.

जेवण झाल्यावर भिमाजी मला गोठा दाखवायला घेऊन गेले. अर्जुनराव मशीनवर लक्ष ठेवून बसले होते. गोठ्यात एक म्हैस होती, तिच्याबद्दल भिमाजी काही बोलले नाहीत. मी तक्रार केली आहे का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मला अवघडल्यासारखं झालं. माणसाची भाकरी खाऊन त्याच्याच मुलाविरुद्ध कागद दिलाय हे सांगायचं कसं? मी म्हटलं, दिली आहे, पण अजून पुढे गेलेली नाही, मी विचार करतो.

"इचार करू नका," भिमाजी म्हणाले. "मागं घिऊ नका. पक्की करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. घरात काही कमी नाही. जमीन गेली तरी ही बिल्डिंग आहे, भाडं येतं. पण पोराला चौक सोडवत नाही. छातीत धूर बसलाय, रात्री खोकतो, डॉक्टरने एक्स-रे काढून दाखवला. कार्यालयात बसायची बदली दोनदा आली, दोन्ही वेळा यानेच साहेबांना भेटून रद्द करवली. आता वरूनच काढलं तर बसेल. "तुमच्यावानी शिकल्याला माणूस आजवर कुनी भेटला न्हाई," ते म्हणाले. "समदे दंड भरत्यात न् जात्यात."

मी परत गॅलरीत आलो तेव्हा नवनाथ उठून आला होता. बनियन, लेंगा, डोळे लाल. त्याने मला ओळखलं आणि तोंडावरून हात फिरवला. किल्ली खिशात राहिली हे त्याला वाकडला कळलं होतं, संध्याकाळी आणून द्यायचं मनात होतं, घरी आल्यावर आडवा झाला तो झोपच लागली. हे सगळं त्याने माफी मागितल्यासारखं नाही, नुसतं घडलं तसं सांगितलं. मग तोही खुर्ची ओढून मशीनसमोर बसला. आम्ही तिघं काचेकडे बघत होतो. पँट वर, पँट खाली.

मी विचारलं, "अधिकार नाही हे माहीत असताना तुम्ही किल्ली काढताच का?"

नवनाथ खोकला, आणि मग काचेकडे बघतच बोलला. "आदी न्हवतो काढत. एक पोरगं थांबवलं व्हतं, तळवड्याच्या बाजूला. दादा म्हनून, नीट, लायसन मागितलं. ते घाबारलं. गाडी तशीच चालू व्हती, उलट्या बाजूनं घातली. समोरनं कंटेनर आला." त्याने मशीनची काच तळव्याने पुसली. "मागनं बघितलं तर लायसन व्हतं त्याच्याकडं. खिशातच व्हतं."

मशीन फिरत होतं.

"तवापास्नं हात आदी किल्लीकडं जातो," तो म्हणाला. "गाडी बंद झाली की मग मला बोलता येतं."

अर्जुनराव आता काहीतरी म्हणणार असं मला वाटलं. पण नवनाथनेच त्यांच्याकडे बघून म्हटलं, "तरतूद न्हाई, काका. ते मला म्हाईत हाय." अर्जुनरावांनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला.

मशीन थांबलं, दार उघडलं. किल्ल्यांना साबणाचा वास येत होता आणि कडी लखलखत होती. चाकणला आता अर्जुनरावांच्या स्कूटरवरून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. नवनाथने न विचारता गाडी काढली. वाटेत महाळुंग्याच्या गर्दीत कुठल्या गल्लीतून शिरायचं आणि कुठल्या कंपनीच्या भिंतीमागून निघायचं हे त्याला पाठ होतं. तक्रारीबद्दल तो एकदाच बोलला. चौकातून काढलं तर तिथे नवा माणूस येईल, त्याला तिथली वळणं कळेपर्यंत सहा महिने जातील, एवढंच. मागे घ्या असं म्हणाला नाही. एकाच दिवशी बाप आणि मुलगा या दोघांनी माझ्याकडे उलटसुलट मागणं मागावं, इतका मोठा माणूस मी आजवर कधी नव्हतो, आणि त्याची मला सवय नव्हती.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीने नवनाथला अडवलं. पोलीस आहे म्हटल्यावर सिक्युरिटी म्हणाला, असाल, पण व्हिजिटर पास लागेल. नवनाथने शांतपणे ओळखपत्र काढून दिलं. माझ्याकडे एक नजर टाकली तेवढीच.

ऑडिटर कपाटासमोर खुर्ची टाकून बसला होता. साहेब त्याच्या शेजारी उभे राहून पावसाबद्दल बोलत होते. मी कपाट उघडलं. सगळी मापं जागच्या जागी, कागद चोख. त्यात खोट निघायचा प्रश्नच नव्हता, ते माझं काम आहे. ऑडिटरने शेवटी विचारलं की आज किल्ली कुणाच्या ताब्यात होती. खोटं बोलणं मला जमत नाही. मी सांगितलं, पोलिसांच्या. त्याने दारात उभ्या असलेल्या नवनाथकडे पाहिलं, मी ओळख करून दिली. पुढची हकिकत मी हिंदीत सांगायला लागलो, पण त्याचं हिंदी आणि माझं हिंदी यांची गाठ कुठे पडेना. त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं. अहवाल आला तेव्हा कळलं की मूळ मापांच्या किल्लीसाठी पोलीस संरक्षण ही आमची अनुकरणीय पद्धत म्हणून नोंदवली आहे. साहेबांनी तो अहवाल मला दाखवला आणि मी काही बोलायच्या आत परत घेतला.

घरी आल्यावर मी पद्माला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते. समोरच्याला काय म्हणायचंय ते तो म्हणून व्हायच्या आधी तिला कळतं. मी म्हटलं, तक्रार पक्की केली तर म्हातारा सुखी, मागे घेतली तर मुलगा सुखी, आणि त्या मुलाची छाती कुणाच्याच हातात नाही. काय करू?

"अहो, तुम्हाला कुणाला सुखी करायला बोलावलंय का?" ती म्हणाली. "काय झालं ते विचारलंय. काय झालं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी साधना मॅडमसमोर तसाच जबाब दिला. हवालदारांनी किल्ली काढली, त्याचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी लायसन मागितलं, ते मी दाखवलं नाही, त्याचा मला अधिकार नव्हता. ते उद्धट बोलले नाहीत, पैसे मागितले नाहीत, किल्ली खिशात चुकून राहिली. आणि मशीनसमोर त्यांनी जे सांगितलं होतं तेही सांगितलं, विचारलं नव्हतं तरी. मॅडमनी तळवड्याच्या त्या पोराबद्दल आधी ऐकलेलं होतं. त्या लिहायच्या थांबल्या, मग परत लिहायला लागल्या. नवनाथला लेखी समज मिळाली: वाहनाच्या किल्लीला हात लावू नये. चौक त्याच्याकडेच राहिला. मात्र महिन्यातून एकदा छाती तपासून कागद दाखवायचा, ही अट मॅडमनी स्वतःहून घातली. ती कुठल्या कलमात बसते हे मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात भिमाजींचा फोन आला. एक काम सांगितलं होतं, तेही झालं नाही, असं म्हणाले. आवाजात राग नव्हता, निराशा होती. त्यांनी म्हशीचं विचारल्यासारखं माझ्या तब्येतीचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आले.

"तुमच्या वळखीत तक्रार करनारं दुसरं कुनी हाय का?"

मी अर्जुनरावांचा नंबर दिला.

आता मी सकाळी त्या चौकात पोचतो तेव्हा अर्जुनराव बहुतेक वेळा माझ्या आधी आलेले असतात. हेल्मेट, लायसन, पीयूसी, विमा, सगळं चोख, आणि पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यांवर, कुणाचाही मतभेद होणार नाही इतकं पुढे. स्कूटर चालू, किल्ली जागेवर, मान ताठ. नवनाथ येतो. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून त्यांच्यासमोर उभा राहतो आणि विनंती करतो की काका, आधी गाडी बंद करा. अर्जुनराव समोर बघत बसतात. सिग्नल हिरवा होतो, परत लाल होतो, आणि आम्ही बाकीचे त्या दोघांना वळसा घालून कामाला जातो.